लाट पुण्याला, चटका चारठाण्याला

चारठाण्यात उन्हाळ्याची बातमी होत नाही. जिंतूरहून मंठ्याकडं जाताना लागणारं आमचं गाव होळी झाली की तापायला लागतं आणि मृगाचा पाऊस पडेपर्यंत तापतच राहतं. दुपारी बाराला रस्त्यावर जो माणूस दिसतो तो एकतर लग्नाला निघालेला असतो, नाहीतर लाईट गेली म्हणून डीपीकडं निघालेला वायरमन असतो. दोघांचाही नाइलाज असतो. यात छापण्यासारखं काही नाही, म्हणून कुणी छापत नाही.

पुण्याचं तसं नाही. तिथं पारा अडतिसावर गेला की पेपरच्या पहिल्या पानावर स्कूटीवरच्या मुलीचा फोटो येतो. डोळे सोडून सगळं तोंड ओढणीत गुंडाळलेलं. हा फोटो कधीतरी एकदाच काढलाय आणि दर वर्षी तोच फिरवतात, असं आमच्या पारावरच्या मंडळींचं ठाम मत आहे. वर मथळा असतो, 'पुणेकर घामाघूम'. हे पान आमच्याकडं चव्वेचाळीस अंशात, लिंबाखाली बसून, टोपीनं वारा घेत वाचलं जातं. वाचणारा मान हलवतो आणि म्हणतो, "लईच बेजार झाले म्हनायचं बिचारे."

ही कणव खोटी नसते. गावात घरटी एखादं पोरगं पुण्याला आहे. वाघोली, धायरी, चिखली ही नावं आमच्या म्हाताऱ्यांना शेजारच्या खेड्यांसारखी पाठ आहेत. त्यामुळं पुण्याचं ऊन हा आमचा घरगुती विषय आहे.

आता सरकारी हिशेबातली गंमत बघा. हवामान खात्याच्या नियमानं सपाटीवरच्या गावात पारा चाळिशीला पोचला पाहिजे आणि तो नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त पाहिजे, तर त्याला उष्णतेची लाट म्हणायचं. किंवा मग सरळ ४५ गाठले पाहिजेत. पुण्याचं एप्रिलअखेरचं नेहमीचं तापमान अडतिसाच्या आसपास, म्हणून ४३ झाले की तिथं लाट. परभणीचं मे महिन्यातलं नेहमीचंच बेचाळिसाच्या आसपास, म्हणून ४४ झाले तरी आमच्याकडं काही नाही. कागदोपत्री त्या दिवशी परभणी जिल्ह्यात हवा ठीक असते. बारमाही दुष्काळवाल्याला टंचाईच्या यादीतून वगळावं, तसा हा प्रकार आहे. पारावर हा नियम समजावून सांगितला तेव्हा एक आजोबा म्हणाले, "म्हंजी आपल्याला ऊन लागलं तर ते आपल्या मनाचं खेळ."

हा हिशेब होतो ती पुण्यातली कचेरीही झकास आहे. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्याला आलं, ते येताना नाव बरोबर घेऊन आलं. पुढं मुख्यालय दिल्लीला गेलं, पण शिवाजीनगरच्या त्या इमारतीला आणि चौकाला लोक अजून सिमला ऑफिसच म्हणतात. उन्हाचा हिशेब थंड डोक्यानं करायचा तर पत्ता असाच हवा.

शिवाय तापमापक काही उन्हात उभा नसतो. पांढऱ्या रंगाच्या, झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून चारेक फुटांवर, सावलीत बसलेला असतो. पेटीचं दारसुद्धा उत्तरेकडं, म्हणजे आकडा बघायला उघडलं तरी त्याला ऊन लागू नये. एवढी बडदास्त आमच्याकडं फक्त जावयाची ठेवतात, तीही लग्नानंतर पहिलं वर्षभर. या पेटीला जे जाणवतं ते तापमान. पऱ्हाटी उपटणाऱ्या माणसाला जे जाणवतं त्याला शास्त्रात नाव नसावं. शेतात मात्र त्याला शिव्या आहेत, आणि त्या भरपूर आहेत.

पुण्याची खरी परीक्षा झाली ती २०१९ साली. २८ एप्रिल, रविवार. शिवाजीनगरला ४३ अंश. पुण्याच्या नोंदीतला उच्चांक ४३.३ चा, तोही ३० एप्रिल १८९७ चा. त्या वर्षी पुण्यात प्लेग होता आणि प्लेगवर रँडसाहेब होता, त्यामुळं उन्हाची तक्रार करायला कुणाला सवड मिळाली नसावी. २०१९ साली मात्र सवड होती आणि फोनही होते. भाच्याचा फोन आला.

"मामा, काय सांगू, नुसती आग पडायलीय इथं. त्रेचाळीस!"

"बरं."

"तुमच्याकडं किती हाय?"

"काय माहीत बाबा. मोजायला बाहेर कोन जानार?"

परभणीचा पारा त्या दिवसांत पंचेचाळिशीच्या पुढं होता. पण भाच्याला ते सांगितलं नाही. आजारी माणसापुढं आपला मोठा आजार काढू नये, अशी रीत आहे.

पुढं एका उन्हाळ्यात लग्नाच्या पत्रिका वाटायला पुण्याला जाणं झालं आणि हा प्रकार डोळ्यांनी बघायला मिळाला. भाच्याचं घर सगळ्यात वरच्या मजल्यावर. डोक्यावर स्लॅब, पश्चिमेला भिंतभर काच. घेताना याच काचेतून दिसणाऱ्या सूर्यास्ताचे वेगळे पैसे मोजले होते म्हणे. आता रोज दुपारी तीनपासून तो सूर्यास्त घरात येऊन बसतो आणि रात्री अकराच्या आत उठत नाही. काचेवर भाचेसुनेनं आधी पडदा लावला, पडद्यावर चादर टाकली, चादरीवर जुनी सतरंजी. म्हणजे पैसे देऊन काच घेतली आणि वर आणखी पैसे घालून भिंत केली.

संध्याकाळी म्हटलं, "अरे, एवढा उकाडा हाय तर गच्चीवर झोपू की." दोघंही माझ्याकडं असे बघायला लागले की जणू मी सोसायटीच्या अध्यक्षांच्या घरात शिरून झोपायला निघालोय. गच्चीला कुलूप होतं. किल्ली अध्यक्षांकडं, आणि अध्यक्ष उन्हाळाभर मुलाकडं परदेशात. अख्खा मराठवाडा एप्रिल-मे गच्चीवर काढतो. अंथरूण संध्याकाळी टाकून ठेवायचं, पाण्याचा तांब्या उशाला, आणि पहाटे वाऱ्याची एक झुळूक आली की तिच्या भरवशावर पुढचा दिवस काढायचा. पुण्यात एवढ्या गच्च्या आहेत, त्यांवर फक्त डिशच्या छत्र्या आणि पाण्याच्या टाक्या झोपतात.

मग कूलरचा विषय निघाला. भाच्यानं एक आणला होता. आमच्याकडं असतो तसा पत्र्याचा, वाळ्याच्या ताट्यांचा, चालू केला की घरात ट्रॅक्टर उभा केल्याचा भास होतो तो. पुण्याच्या कोरड्या एप्रिलमध्ये तो उत्तम चालतो. पण त्याचं पाणी खालच्या बाल्कनीत ठिबकलं, खालच्या काकूंचा निरोप आला, निरोपाचं पत्र झालं, पत्राची तक्रार झाली. सोसायटीच्या नियमात कुत्र्यांचं कलम होतं, मांजरांचं होतं, कूलरचं नव्हतं. सभा भरली. 'कूलर हे बांधकामात मोडतं का' यावर तासभर चर्चा झाली. शेवटी भाच्यानं हप्त्यावर एसी घेतला. आता त्याच्या एसीची गरम हवा शेजारच्या खिडकीत जाते, म्हणून शेजाऱ्यानं एसी घेतला, त्याची पलीकडच्या खिडकीत जाते, म्हणून पलीकडच्यानं घेतला. अख्खी इमारत एकमेकांचं ऊन एकमेकांच्या घरात ढकलत बसलीय आणि वीजबिल भरतेय. याबद्दल मात्र कुणाची तक्रार नाही, कारण एसीचं कलम नियमात आहे.

मला जास्त वाईट वाटलं ते दुपारचं. पुण्यातली दुकानं एक ते चार बंद असतात, यावर महाराष्ट्रानं पिढ्यान्‌पिढ्या विनोद केले. आम्हीही केले. पण चारठाण्यात बसून जरा विचार केला तर त्या पाटीएवढं शहाणपण पुण्यात दुसरं नव्हतं. आमच्याकडंही दुपारी किराणावाल्याचं शटर अर्धं खाली येतं आणि आतून घोरण्याचा आवाज येतो. गिऱ्हाईक शटर वाजवत नाही, कारण तोही घरी घोरत असतो. सकाळी सहाला शेतात जायचं, दहाला परत, पाचपर्यंत सावली सोडायची नाही, याला आमच्याकडं आळस म्हणत नाहीत, उन्हाळा म्हणतात. पुण्यानं आपली एक ते चारची पाटी लोकांच्या टिंगलीला भिऊन काढली आणि नेमकं त्याच सुमाराला ऊन वाढलं. आता भाचा भर दुपारी दोनला 'मीटिंग' म्हणून बाहेर पडतो आणि चारला डोकं धरून परत येतो. पाटी असती तर वाचला असता.

बेंगळूरुची तर आणखी तऱ्हा. तिथल्या लोकांना घरात पंखा नसण्याचा मोठा अभिमान. भाचेसुनेचा भाऊ तिकडं आहे. तो आमच्या लग्नाकार्याला आला की वर बघून विचारायचा, "इथं पंखे एवढे का?" २०२४ साली त्या शहराचा एप्रिल जवळजवळ कोरडा गेला, पारा अडतिसाच्या वर चढला, हजारो बोअर आटल्या आणि पिण्याच्या पाण्यानं गाडी धुणाऱ्याला पाच हजार रुपये दंड लागला. ही बातमी पारावर मोठ्यानं वाचली गेली. ऐकून एक जण म्हणाला, "पाचच हजार? आपल्याकडं उन्हाळ्यात गाडी धुताना कुनी बघितलं तर पोराची सोयरीक मोडती." बरोबरच आहे. ज्या मराठवाड्यात २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं, पहिल्या फेरीला दहा वाघिणी आणि पाच लाख लिटर, तिथं गाडीवरची धूळ हा घराण्याच्या संयमाचा पुरावा धरतात.

आता कुणी म्हणेल, तुम्हाला सवय आहे, तुमचं बरंय. भाचाही तेच म्हणाला. ही सवयीची अफवा कुणी उठवली ते शोधून काढलं पाहिजे. शरीराला उन्हाची थोडी सवय होते हे खरं, आठवड्या-दोन आठवड्यांत घाम लवकर सुटायला लागतो. आमच्या कोरड्या हवेत तो आल्याआल्या वाळतो, त्यामुळं माणूस कोरडा दिसतो आणि पुणेकराला वाटतं याला काही होतच नाही. होतं. सगळं होतं. पण चव्वेचाळीस अंशात तक्रार करायला तोंड उघडलं तर झळ आत जाते, म्हणून आम्ही गप्प असतो.

शिवाय आम्ही काही उन्हाला जिंकलेले लोक नाही. पुरावा हवा असेल तर मे महिन्यात आमच्याकडच्या लग्नाला या. मुहूर्त बारा पस्तीसचा. पंचांग काढणारा माणूस त्या वेळी कुठं बसलेला असतो, हे कुणी त्याला विचारत नाही. नवरदेव वेशीपासून निघतो. अंगात शेरवानी, डोक्याला फेटा, गळ्यात नोटांचा हार, खाली घोडी, वर सूर्य. पुढं डीजे. नाचणारी पोरं सावलीसावलीनं नाचतात, म्हणून लिंबाचं झाड आलं की वरात अर्धा तास पुढं सरकत नाही आणि मोकळा रस्ता आला की धावत सुटते. मांडवात पाहुण्यांचा टोपी-टॉवेल देऊन सत्कार चालू असतो. आहेराच्या सगळ्या चालींमध्ये एवढी उपयोगी चाल दुसरी नाही, कारण टोपी तिथंच डोक्यावर जाते आणि टॉवेल तिथंच भिजवून मानेवर. मंगलाष्टकं लागतात दीडला. 'शुभमंगल' म्हटलं की अक्षता वधूवरांवर पडायच्या आधी अर्धा मांडव पाण्याच्या जारकडं पळालेला असतो. मी स्वतः नातेवाइकांना संध्याकाळचा मुहूर्त सुचवून बघितला. ते म्हणाले, "गोरज मुहूर्तावर आमच्यात कुनी लावलं नाही." पुणेकरांना हसताना हा मांडव डोळ्यांपुढं ठेवावा.

आमचे उपायही तपासून घेण्यासारखे आहेत. बाहेर पडताना खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही, असं घरोघर सांगतात. डॉक्टर म्हणतात, कांद्याचं काही नाही, पाणी प्या, सावलीत थांबा. माझं मत दोघांच्या मधलं आहे. खिशात कांदा असलेल्या माणसाजवळ कुणी गर्दी करत नाही, त्यामुळं त्याच्याभोवती हवा खेळती राहते. ताकाबद्दल मात्र दुमत नाही. पाणी आणि मीठ दोन्ही पोटात जातं, शिवाय ते पिताना बसावं लागतं. ज्वारीची आंबील, कैरीचं पन्हं, कांद्याची चटणी आणि भाकर, हा उन्हाळ्याचा स्वयंपाक सकाळी नऊच्या आत उरकतो. दुपारी चूल पेटवायची नाही, हे ज्या बाईनं पहिल्यांदा ठरवलं तिला कुठल्यातरी विद्यापीठानं पदवी द्यायला हवी होती.

पण खरा विषय घराचा आहे आणि तिथं आमची बोलती बंद होते. आमच्या आजोबांनी पांढरीच्या मातीच्या दोन-दोन हात रुंद भिंती उभ्या केल्या, वर लाकडं टाकून मातीचं माळवद घातलं, उजेडाला माळवदात साणं ठेवलं. ती भिंत तापायलाच दिवस मावळतो. भर मेमध्ये ओसरीवरून आत गेलं की पाठीला गार लागायचं. आम्ही काय केलं? माळवद दर पावसाळ्याआधी माती टाकून नीट करावं लागतं, त्याचा कंटाळा आला. शिवाय माळवदाच्या घराला मुलगी देत नाहीत. मग पाडलं आणि स्लॅब टाकला. ऐपत नव्हती त्यानं पत्रे टाकले. आता रात्री बारापर्यंत स्लॅब वरून भाजतो आणि त्याच्याखाली झोपून आम्ही मोबाईलवर पुण्याचं तापमान बघतो. भाच्याच्या वाघोलीच्या घरात आणि आमच्या नव्या घरात एवढाच फरक की आमच्या गच्चीला कुलूप नाही.

पाण्याचीही तीच कथा. चारठाणा काही आजचं गाव नाही. यादवांच्या काळातली दगडी देवळं इथं आहेत, गावात एकेकाळी ३६० देवळं होती असं जुनी माणसं सांगतात. आकडा वर्षाच्या दिवसांशी जुळवून घेतलेला वाटतो, पण गोकुळेश्वराच्या देवळाजवळची बारव खरी आहे. बांधणाऱ्यांनी पाण्यापर्यंत पायऱ्या केल्या, म्हणजे पाणी वर असो की तळाला, बाईनं घागर घेऊन चालत जावं. एकेक पायरी उतरावी तसा दगडाचा गारवा अंगाला लागतो आणि वरचं ऊन वरच राहतं. आठशे वर्षांमागच्या त्या माणसाला वीज माहीत नव्हती, तरी उन्हाळा कुठं ठेवायचा आणि माणूस कुठं, हे त्याला बरोबर माहीत होतं. सेलू तालुक्यातल्या वालूरच्या लोकांनी २०२१ साली आपली गोल फिरत खाली जाणारी बारव गाळ उपसून मोकळी केली, आणि पुढच्या वर्षी आमच्या जिल्ह्यातल्या बारवा टपाल खात्याच्या चित्र-पोस्टकार्डांवर झळकल्या. पुण्याच्या भाच्याला मी तसं कार्ड पाठवायचं म्हणतोय. एसीवर चिकटव म्हणावं.

तर हसायचं थांबवूया. पुण्याला ऊन नवीन आहे म्हणून ते ओरडतात. आम्हाला जुनं आहे, आणि तरीही आम्ही त्याची जुनी औषधं फेकून देऊन पुण्याचीच नवी विकत घेतो, तेव्हा जास्त कीव कुणाची करायची हे उघड आहे.

पुणेकरांना माझं सांगणं एवढंच, की एक ते चारची पाटी पुन्हा लावा, गच्चीचं कुलूप काढा आणि कूलरला नियमात एक कलम द्या. आणि माझ्या जिल्ह्यातल्या वाचकांना विनंती अशी, की रोहिण्या लागायच्या आत आपापल्या गावातली बारव असेल, आड असेल, त्यातला गाळ आणि प्लास्टिक काढायला फावडं-टोपलं घेऊन बाहेर पडा. वेळ सकाळी सहा ते नऊ. ताकाची सोय गावानं करावी. दहानंतर उगवणाऱ्याला पुणेकर समजून सावलीत बसवावं आणि पाणी पाजून परत पाठवावं.